डॅनीचा खरा वेग

मशीन किंचाळलं आणि मी स्टॉप दाबलं. तोवर फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी गाळ बसला होता. फीत अर्धा फूट पुढे गेली असेल-नसेल, आणि गाणं म्हणून जे ऐकू आलं ते ओल्या काचेवर बोट घासल्यासारखं होतं.

माझ्यामागे कॅरल उभी होती. फितीचा स्पूल तिचाच.

"गेली का?" तिने विचारलं.

"गेली नाही. चिकटली आहे," मी म्हटलं. "आता ही भाजावी लागेल."

माझे अर्बाब, म्हणजे स्टुडिओचे मालक खलफान, दारातून डोकावले. "मंजिरी, तू क्लायंटची टेप भाजणार?"

"हो."

"लिहून घे तिच्याकडून," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी मस्कतला रुवीमध्ये जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवण्याचं काम करते. मूळची पुण्याची, साउंडचा डिप्लोमा केलेली. लग्नाच्या कॅसेटी, कुणाच्या आजोबांची भाषणं, जुनी अरबी गाणी असा सगळा माल येतो. अमेरिकन हार्डकोअर पंक मात्र त्याआधी कधी आलं नव्हतं. ते काय असतं हेही मला माहीत नव्हतं.

कॅरलने सांगितलं. ती इथे शाळेत इंग्रजी शिकवते, साठीला आलेली, पांढऱ्या केसांची, चष्मा दोरीला बांधलेला. तिचा भाऊ डॅनी एका बँडचा गायक होता. पंक संगीत आधीच वेगवान आणि वैतागलेलं. या अमेरिकन पोरांनी त्यातली उरलीसुरली चालसुद्धा काढून टाकली आणि वेग दुप्पट केला. गाणं पाऊण मिनिटात संपायचं. ते स्वतःची रेकॉर्ड स्वतः काढायचे, कव्हर शाळेच्या झेरॉक्सवर चोरून छापायचे आणि चर्चच्या तळघरात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये वाजवायचे. दारूच्या जागी लहान मुलांना सोडत नाहीत, म्हणून दारावर शाळकरी पोरांच्या हातावर मार्करने मोठी फुली मारायचे. फुली असली की आत या, पण दारू मिळणार नाही.

"माझ्या दोन्ही हातांवर फुल्या असायच्या," कॅरल म्हणाली. "मी चौदाची होते. आई रोज घासून काढायची."

बँड चार वर्षं चालला. एक छोटी रेकॉर्ड, एका व्हॅनमधून केलेले दोन दौरे, मग भांडण आणि खलास. पुढे डॅनी आजारी पडला आणि बाविसाव्या वर्षी गेला. तो गेल्यावर बँडला खरं आयुष्य मिळालं. त्या रेकॉर्डच्या कॅसेटी पोरांनी एकमेकांना करून दिल्या, त्या ब्राझीलपर्यंत, जपानपर्यंत गेल्या. पुढे नावारूपाला आलेले कितीतरी बँड सांगायचे, आम्ही यांना ऐकून गिटार हातात घेतली. बँडचं नाव मात्र मी इथे लिहू शकत नाही. माझ्या सासूबाई हे वाचतील. आम्ही कामापुरतं 'डॅनीचा बँड' म्हणत होतो.

आणि हा स्पूल होता त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाचा. एवढी वर्षं सगळे समजत होते की तो हरवला. कॅरलच्या आईचं घर आवरताना तो ट्रंकेत सापडला. अमेरिकेतली एक छोटी रेकॉर्ड कंपनी बँडचं सगळं काम एका मोठ्या तबकडीवर पुन्हा काढत होती. शेवटचा कार्यक्रम आला तर दुसऱ्या बाजूला जाणार होता. तबकडी कापायची, म्हणजे तिच्यावर आवाजाची खाच कोरायची, वेळ ठरली होती गुरुवारची. आज होता रविवार.

"रेकॉर्डवर तो फक्त ओरडतो," कॅरल म्हणाली. "या टेपवर तो गाण्यांच्या मधे बोलतो. त्याचं नुसतं बोलणं माझ्याकडे कुठेच नाही."

मला पुरेसं कळलं.

आता फीत का चिकटते ते सांगते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाची पूड एका गोंदाने बसवलेली असते. त्या काळातल्या काही फितींचा गोंद हवेतला दमटपणा पितो आणि मऊ पडतो. अशी फीत वाजवली तर पूड मशीनवर राहते, म्हणजे आवाजच खरवडून निघतो. उपाय एकच, कोरड्या हवेत मंद आचेवर आठ तास. चोपन्न अंश. घरच्या ओव्हनचा भरवसा नाही, तो दहा अंश इकडे-तिकडे करतो. प्रयोगशाळेतली भट्टी मला कोणी देईना. आणि तेव्हा मला मस्कतबाहेरच्या बरका गावचे इस्माईलभाई आठवले.

इस्माईलभाई रत्नागिरीचे. बरक्याला एका शेतावर खजूर आणि लिंबं सुकवायचं युनिट सांभाळतात. ओमानमध्ये सुकवलेलं काळं लिंबू आमटीला चिंच तसं लागतं. त्यांच्या आईच्या आवाजातली एक कॅसेट मी एकदा दुरुस्त करून दिली होती. मी सोमवारी सकाळी सातला त्यांच्या दारात हजर.

त्यांनी स्पूल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मंजिरीताय, हा काय हाय?"

"फीत. सुकवायची आहे."

"लिंबू काय नि फीत काय, सुकवायचा म्हंजे सुकवायचा. किती डिग्री?"

"चोपन्न. एकही जास्त नको."

"माझा कपाट घड्याळासारखा चालतो," ते छाती काढून म्हणाले. "अख्ख्या बातिना पट्ट्यात असा कपाट नाय."

खरंच नव्हता. मी माझा थर्मामीटर आत ठेवला आणि तासभर बघत बसले. काटा हलायला तयार नाही! स्पूल जाळीवर ठेवला. त्याच्या वरच्या खणात खजूर होते, ते मी आधी काढायला लावले. इस्माईलभाई दर तासाला येऊन काचेतून बघत आणि म्हणत, "जरा परतून घेवया." चौथ्या तासाला आम्ही तो खरंच परतला. जेवायला त्यांच्याकडचं सुरमईचं कालवण आणि भात. दुपारी चारला फीत बाहेर काढली. सुटसुटीत, कोरडी, आणि लिंबाच्या वासाची.

अशी भाजलेली फीत काही आठवडे बरी राहते, मग पुन्हा चिकटायला लागते. म्हणून पहिल्या वाजवण्यालाच सगळं नीट उतरवून घ्यायचं. मंगळवारी सकाळी मी हेड पुसले, स्पूल चढवला, हात जोडले आणि प्ले दाबलं.

काय सांगू! अख्खा हॉल माझ्या छोट्या खोलीत शिरला. कुणी शिट्टी मारतंय, कुणी नाव घेऊन ओरडतंय, ढोलकऱ्याने चार ठोके दिले आणि पुढे जे सुटलं त्याने मी खुर्चीतून उठले. फीत स्वच्छ वाजत होती. एक कण पडला नाही. मी एकटीच टाळ्या वाजवत होते. खलफान धावत आले.

"काय झालं?"

"वाजतंय! अर्बाब, वाजतंय!"

त्यांनी अर्धं मिनिट ऐकलं. तेवढ्यात एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. "हे चार जण भांड्यांसकट जिन्यावरून पडतायत," ते म्हणाले.

मला हसू आलं, पण शंकाही आली. हे फारच वेगात होतं. इतक्या वेगात माणूस वाजवतो? मग मी माझी जुनी युक्ती काढली.

प्रत्येक जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बारीक घूं असते. ती विजेची. विजेचा प्रवाह सेकंदाला ठरावीक फेऱ्या मारतो आणि अँप्लिफायरमधून तोच सूर कायम मागे वाजत राहतो. आपल्याकडे पन्नास फेऱ्या. इथे ओमानातही पन्नास. टेप जास्त वेगात धावत असेल तर तो सूर वर चढतो, हळू असेल तर उतरतो. म्हणजे त्या घूंवरून टेपचा वेग पकडता येतो. गेली तीस वर्षं मी शेकडो कॅसेटी अशा सरळ केल्या आहेत आणि या युक्तीचा मला गर्व आहे. होता.

डॅनीच्या टेपवरची घूं मी मोजली. साठ.

'बघ!' मी स्वतःलाच म्हटलं. त्या दिवशी रेकॉर्ड करणाऱ्या मशीनची मोटर दमली असणार, म्हणून आता सगळं पळतंय. मी सगळ्याचा वेग उतरवून घूं साठावरून पन्नासवर आणली. गाणी खाली आली, शब्द कळायला लागले, गिटारला वजन आलं. मग घूं पुसून टाकली, खरखर कमी केली. संध्याकाळपर्यंत ती चार पोरं माणसांत आली होती. बुधवारी मी प्रत सरळ रेकॉर्ड कंपनीला पाठवली, एक कॅरलला आणि एक मार्टीला.

मार्टी हा त्या बँडमधला एकमेव माणूस जो या तबकडीच्या कामात लक्ष घालत होता. तेव्हा बास गिटार वाजवायचा, आता अमेरिकेत शाळेची बस चालवतो. त्याचा व्हिडिओ कॉल आला. "आम्ही इतके चांगले होतो?" तो म्हणाला. "मला आठवतं त्यापेक्षा किती भारदस्त!" त्याच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं होती. ते कान त्याच बँडने खाल्लेले. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

कॅरलचा मात्र काहीच निरोप नाही. आता या बाईला काय खुपलं, म्हणून गुरुवारी मी स्वतःच तिच्या घरी गेले. अल खुवैरला, बरोबर चार वाजता. दारातून आत शिरताना माझी नजर कपाटावरच्या एका जुन्या क्लॉक-रेडिओवर गेली. आकड्यांच्या पाट्या खाली पडतात ना, तसलं घड्याळ. त्यात चारला दहा मिनिटं कमी होती. मी मनात म्हटलं, वा, मी वेळेआधी आले.

कॅरलने चहा दिला. फार गोड बोलली. "फार क्लीन आहे. तू खूप मेहनत घेतलीस."

"पण?"

"पण काही नाही."

"कॅरल, मी पुण्याची आहे. तोंडावर बोललेलं मला चालतं."

तिने चष्मा काढला. "तो माझ्या वडिलांसारखा बोलतोय."

"भाऊ-वडिलांचे आवाज सारखे असतातच."

"नाही. म्हणजे, वडिलांच्या वयाचा वाटतोय." तिने काचा पुसल्या. "मंजिरी, डॅनी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो एवढा मोठा कधी झालाच नाही."

मला राग आला. कबूल करते. आठ तास लिंबांच्या कपाटासमोर बसलेली मी! "मी मोजून केलंय," मी म्हटलं. "अंदाजाने नाही. इतक्या वर्षांत आठवणी बदलतात. मशीन बदलत नाही."

"असेल," ती म्हणाली. वाद घालणाऱ्यातली नव्हती. ते मला जास्त लागलं. आम्ही पुन्हा पूर्ण टेप ऐकली. प्रत्येक गाण्याच्या मधे तो बोलायला लागला की ती जमिनीकडे बघायची. एवढ्यासाठी तिने ती टेप आणली होती आणि माझ्या प्रतीत तिचा भाऊ नव्हता, कोणीतरी परका बाप्या होता. चहा गार झाला.

निघायला उठले. मोबाइलवर पाच वाजले होते. कपाटावरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी.

मी थांबले. "हे घड्याळ मागे पडतं?"

"रोज. डॅनीचं आहे. शाळेतून आले की तीन वाजता मी ते लावते, पण इथे ते आळशी झालंय. ट्रान्सफॉर्मर लावलाय तरी."

तीनला लावलं. चारला दहा मिनिटं मागे. पाचला वीस मिनिटं मागे. तासाला दहा. म्हणजे साठ मिनिटांत ते पन्नासच चालतं.

साठाची पन्नास.

"कॅरल!" मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातून कप सुटता सुटता राहिला. "अमेरिकेत वीज किती फेऱ्यांची?"

"मला काय माहीत?"

"साठ! साठ! मला माहीत आहे!"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवतात. अमेरिकेत विजेचा दाबही वेगळा आणि फेऱ्याही वेगळ्या. ट्रान्सफॉर्मरचा डबा दाब कमी करतो, फेऱ्यांना हात लावत नाही. ते घड्याळ फेऱ्या मोजून चालतं. साठ मोजल्या की एक सेकंद पुढे. इथे सेकंदाला पन्नासच मिळतात, म्हणून बिचारं मागे पडतं. पण मी आयुष्यभर पन्नासच्या देशांत काम केलं. घूं ऐकली की हात आपोआप पन्नासकडे जातो. डॅनीची टेप अगदी बरोबर वेगात होती. ती पोरं खरोखरच तेवढ्या वेगात वाजवत होती! एका अमेरिकन पोराला मी ओमानच्या विजेवर चालवलं होतं आणि वर त्याच्या बहिणीला मशीनच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

"कापायला किती वाजता घेणार?" मी विचारलं.

"तिथल्या सकाळी दहाला." तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे इथले सहा."

माझ्याकडे एक तास होता.

पर्समध्ये ड्राइव्ह होता. त्यात कच्ची प्रत, म्हणजे काहीही न करता जशीच्या तशी उतरवलेली. मंगळसूत्र घरी विसरेन, ड्राइव्ह नाही. कॅरलच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तिने मार्टीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मार्टी, कटिंग थांबव," मी म्हटलं. "प्रत चुकीची आहे. सगळं हळू आहे."

"हळू?" मागे बसच्या इंजिनाचा आवाज येत होता. मुलांना सोडून तो रिकामी गाडी परत नेत होता. "मला तर आवडलं होतं!"

"मार्टी," कॅरल म्हणाली, "तू डॅनीचं बोलणं ऐकलंस का?"

मग तो म्हणाला, "बोलणं मला नीट ऐकू येत नाही ग. मी ड्रम ऐकले." ब्रेक लागल्याचा आवाज आला. "फोन करतो त्यांना. यल्ला, पाठव लवकर."

यल्ला, म्हणजे चला, हा शब्द त्याने आमच्याकडून दोन दिवसांत उचलला होता.

मी कच्ची प्रत लावली. या वेळी खरखरीला फक्त वरवर हात लावला. घूं पुसायला गेले तेव्हा कॅरलने मनगट धरलं. "ती राहू दे. त्या हॉलमध्ये ती होती. मी पुढच्या खांबाला टेकून उभी राहायचे, तो खांबसुद्धा घूं करायचा."

घूं ठेवली. साठाची.

मग तिला म्हटलं, "पाठवण्याआधी एकदा ऐक. या वेळी तू सांगशील ते खरं."

पहिल्याच गाण्याला ती हसायला लागली. सुसाट. श्वास घ्यायला जागा नाही. बेचाळीस सेकंदांत खलास. मग टाळ्या, शिट्ट्या, आणि एका पोराचा आवाज आला. कोवळा, जरा नाकातला, खोडकर. "माझ्या बहिणीची उद्या परीक्षा आहे, तेव्हा आज आम्ही लवकर संपवू." हॉल हसला. "तसं आम्ही नेहमीच लवकर संपवतो."

कॅरलने दोन्ही हात तोंडावर धरले. "हाच," ती म्हणाली. "हाच तो कार्टा. बघ, सगळ्यांसमोर माझं नाव काढलं! मी त्या परीक्षेत नापास झाले, माहीत आहे?" ती रडत होती आणि हसतही होती, आणि मी पाठीवर हात फिरवण्याऐवजी टेबलावर ठेका धरला होता. दुसऱ्या गाण्याला तिने जेवणाच्या खोलीत उड्या मारायला सुरुवात केली. साठीची बाई, शाळेचं आयडी कार्ड गळ्यात! तिसऱ्याला मीही उठले. गुडघा आठ दिवस दुखला.

सहाला चौदा मिनिटं कमी असताना फाइल गेली. सहाला पाच मिनिटं कमी असताना मार्टीचा फोन आला. त्यांना मिळाली होती. त्यानेही बस बाजूला लावून ऐकली होती, श्रवणयंत्रं पूर्ण चढवून.

"अरेरे," तो म्हणाला. "हे आम्हीच." आणि मग तोसुद्धा बराच वेळ हसत राहिला.

रविवारी खलफानना सगळं सांगितलं. बरोबर वेगातली प्रत लावून दाखवली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "तेच चार जण," ते म्हणाले, "तोच जिना. आता भांडी जास्त आहेत." मग मला म्हणाले, "मंजिरी, क्लायंट म्हणत होती हा तो नाही, तेव्हा तू काय केलंस?"

"वाद घातला."

"हं," एवढंच म्हणाले. ते मात्र मला पुरून उरलं.

तबकडी निघाली. कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत माझं नाव आहे आणि त्याच्याखाली, कॅरलच्या हट्टामुळे, 'फीत सुकवली: इस्माईलभाई, बरका'. एक प्रत मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती कपाटाशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, दर्शनी भिंतीवर लावली. वर मोठ्या अक्षरांत बँडचं ते नाव.

"मंजिरीताय, ह्याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही, पोरांचं काहीतरी." माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं.

आता माझ्या मशीनवर मी एक पट्टी चिकटवली आहे: 'आधी विचार, कुठली वीज?' टेप कुठल्याही देशाची असो, घूं मोजण्याआधी मी ती वाचते. खरं तर पट्टीवर अजून एक ओळ लिहायला हवी होती, की ज्याचं माणूस आहे त्याला आधी ऐकव. पण तेवढी जागा नव्हती आणि ती मला पट्टीशिवायही आठवते.

कॅरलला मी म्हटलं, तुझं घड्याळ मी ठीक करून देते, साठ फेऱ्या देणारं यंत्र मिळतं. ती नको म्हणाली.

"ते राहू दे मागे," ती म्हणाली. "रोज तीनला लावायचं असतं म्हणून तर मी रोज त्याला हात लावते."